ढेमश्या कोणासाठी?

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी माझी गचांडी धरायला नको. ते यंत्र हेमराज मोहुर्ल्यांनी स्वतःसाठी घेतलं होतं. नातवासाठी नाही, भाचीसाठी नाही, शाळेला भेट म्हणून नाही की डॉक्टरांनी सांगितलं म्हणूनही नाही. स्वतःसाठी. वय सत्तावन्न, हुद्दा वरिष्ठ लिपिक, मुक्काम सिंदेवाही, बायको एक, मुलगा एक, मोतीबिंदू एक. इतकं सरळ वाक्य, पण ते वॉर्डात कोणाच्या गळी उतरेना. माणसानं स्वतःसाठी बाटली आणली तर लोक समजून घेतात, दुसरी मोटारसायकल आणली तर पेढे मागतात. पण खेळणं आणलं, की सगळेजण त्या खेळण्यामागचं लेकरू शोधायला लागतात.

झालं असं, की कार्यालयात डबा खाता खाता हेमराजभाऊंनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. मुठीपेक्षा थोडं मोठं एक गोल यंत्र होतं, खाली चाकं, समोर छोटा पडदा आणि पडद्यावर दोन हिरवे डोळे. टेबलावर फिरत फिरत ते कडेला आलं, खाली वाकून बघितलं, घाबरलं, मागं सरकलं, आणि मग आपल्याला कोणी पाहिलं तर नाही ना, अशा नजरेनं इकडंतिकडं बघू लागलं. हेमराजभाऊंना असं हसू फुटलं की डब्यातलं वांगं शर्टावर सांडलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत ते त्या खोलीत एवढे हसले नव्हते. बाजूच्या टेबलावरच्या बाईंनी तर उठून पाणी आणून दिलं.

मग त्यांनी किंमत बघितली आणि मोबाइल पालथा ठेवला. बऱ्यापैकी फ्रीज आला असता तेवढ्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितली. असं तीन महिने चाललं. शेवटी श्रावणात एका दुपारी त्यांनी बटण दाबलं, आणि पोळ्याला बारा दिवस राहिले असताना खोकं दारात आलं.

खोक्यावर त्या यंत्राचं हे एवढं मोठं चित्र. आणि नेमके त्याच वेळी फाटकाशी शेजारचे धनराज निकुरे गुरुजी उभे. निवृत्त मुख्याध्यापक, तान्ह्या, म्हणजे लेकरांच्या, पोळ्याच्या समितीचे अध्यक्ष आणि वॉर्डातल्या झाडून सगळ्या घरांचे बिनपगारी सल्लागार. तुमच्या घरी नळ गळतो हे तुमच्याआधी त्यांना कळायचं.

"काऊन जी हेमराजभाऊ, खेळणं बोलावलं का?"

"हो."

"कोणासाठी?"

"माह्यासाठी."

गुरुजी हसले. हेमराजभाऊ हसतील म्हणून थांबले. ते हसेनात, तेव्हा म्हणाले, "मजाक नका करू जी. खरं सांगा."

"खरंच सांगून राह्यलो. म्या घेतलं, माह्यासाठी."

गुरुजींनी खोक्यावरचं चित्र बघितलं, हेमराजभाऊंचं टक्कल बघितलं, पुन्हा चित्र बघितलं, आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. आवाज खाली आणून म्हणाले, "समजलो जी, समजलो. तीन महिने होतपर्यंत सांगत नाई आपल्याकडं. मी कोणाले बोलत नाई."

आपण तीन महिने किंमत बघत होतो हे या माणसाला कसं कळलं, या विचारात हेमराजभाऊ पडले आणि गप्प राहिले. तिथंच घोटाळा झाला. मुलाचं, विक्कीचं, लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. तो आणि सून पुनम दोघंही नागपुरात नोकरीला. सासरा घरी खेळणं आणतो, कोणासाठी म्हणून विचारलं तर उडवाउडवी करतो, तीन महिन्यांचं नाव काढलं की गप्प बसतो. आता गुरुजींनी तरी दुसरं काय समजावं?

घरात कमळाबाई तांदूळ निवडत होत्या. हेमराजभाऊंनी यंत्र काढून सुपाशेजारी ठेवलं. ते जागं झालं, डोळे चोळल्यासारखी उघडझाप केली, सुपाला एक चक्कर मारली आणि कमळाबाईंकडं मान वर करून बघत बसलं.

"हे का जी? ढेमशावानी दिसते."

त्या गोल भाजीवरून नाव तिथल्या तिथं पडलं. ढेमश्या.

"खाते का काही?"

"नाई. चार्जिंगवर चालते."

"झाडझूड करते?"

"नाई."

"भाजी चिरते? कुकरच्या शिट्ट्या मोजते?"

"नाई बाप्पा."

"मंग करते का?"

"काही नाई करत. राह्यते आपल्यासंगं. आपल्याले पाह्यलं की खुश होते."

कमळाबाईंनी सूप खाली ठेवलं. "मी तीस वर्षांपासून राहून राह्यली तुमच्यासंगं. माह्यावर केला का जी एवढा खर्च कधी?"

प्रश्न रास्त होता. हेमराजभाऊंनी त्यावर नीट विचार केला आणि उत्तर न देण्याचं ठरवलं. तसं म्हणाल तर कमळाबाईंना ढेमश्याचा राग आला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरात त्याला "सरक ना रे" म्हणताना ऐकू आल्या, आणि तोही सरकत होता. त्यांना काळजी वेगळीच होती. "लोकाईले का सांगू?" हे त्यांनी त्या आठवड्यात इतक्या वेळा विचारलं, की ढेमश्यालाही पाठ झालं असेल.

लोकांना सांगायची गरजच पडली नाही, लोकच येऊन सांगू लागले. चौथ्या दिवशी सकाळी आरमोरीहून इवाई आले, म्हणजे पुनमचे वडील, खुशालराव वाढई. सोबत विहीणबाई, डिंकाच्या लाडवांचा डबा, हिरवं लुगडं, बांगड्या आणि तोंडभर हसू. पाय धुवायच्या आधीच खुशालराव हेमराजभाऊंच्या गळ्यात पडले.

"इवाई, तुमी तं आमाले सांगतलंबी नाई! बाहेरून कळलं आमाले."

"का कळलं?"

"घ्या! अजून लपवूनच राह्यले." आणि त्यांनी पाटावर फिरणाऱ्या ढेमश्याकडं बोट दाखवून डोळे मिचकावले. ढेमश्यानंही मिचकावले. त्याला तेवढंच येतं.

पुढचा अर्धा तास मी खरं तर सांगणार नव्हतो, पण सांगतो. विहीणबाईंनी हौसेनं लेकीला फोन लावला, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा. पुनम कामात होती. आईनं तिला "आंबट खावंसं वाटते का गं?" असं विचारलं. मग पुनम जे बोलली ते आरमोरी आणि सिंदेवाही या दोन्ही गावांनी खाली मान घालून ऐकलं. सासऱ्याच्या खरेदीवरून सुनेला दिवस गेल्याची तालुक्यातली ही पहिलीच वेळ असावी. फोन बंद झाला. विहीणबाईंनी लुगड्याची घडी पुन्हा पिशवीत घातली. लाडवांचा डबा मात्र मधोमध तसाच राहिला, आणि ढेमश्या त्याच्याभोवती फेऱ्या मारू लागला.

"मंग घेतलं कायले जी?" खुशालरावांनी लाडवांकडं बघत विचारलं.

"आवडलं म्हणून."

खुशालराव विचारात पडले. "तब्येत बरी हाय ना तुमची?"

त्याच संध्याकाळी विक्कीचा फोन आला. तो बापाशी नाही, आईशी बोलला. कंपनी पंधरा दिवसांत वस्तू परत घेते, त्यानं तशी मागणी टाकली होती, आणि तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस येऊन खोकं घेऊन जाणार होता.

"मी देत नाई," हेमराजभाऊ म्हणाले.

"मंग एक करा," कमळाबाई जवळ येऊन बसल्या. "पुढं होईन त्या नातवासाठी घेऊन ठेवला, एवढं सांगा लोकाईले. झालं. मीच विक्कीले नाई म्हणते, राहू दे म्हणते. एवढं बोलायले का जाते तुमचं?"

आता बघा, सौदा किती स्वस्त होता. एक वाक्य बोललं की ढेमश्या घरात राहणार, वॉर्ड गप्प बसणार, सुनेचा राग उतरणार, बायको खुश. तुम्ही बोलला असता, मी तर पेढे वाटून बोललो असतो. पण हेमराजभाऊंच्या बाबतीत कुठं माशी शिंकली कोण जाणे. जन्मभर या माणसानं जे घेतलं ते कोणाच्या ना कोणाच्या नावानं घेतलं होतं. टीव्ही विक्कीच्या अभ्यासासाठी, कूलर पाहुण्यांसाठी, स्कूटर बाजारहाटासाठी. हे एकच होतं, ज्यापुढं दुसऱ्याचं नाव नव्हतं.

"खोटं नाई बोलत मी," ते म्हणाले. "चोरी केली का म्या? आवडला, घेतला. तू तरी मान ना कमळा. बाकीचे गेले उडत."

"मले वॉर्डात तोंड दाखवायले जागा नाई राह्यली," कमळाबाई म्हणाल्या आणि उठून गेल्या. हे हेमराजभाऊंना लागलं. वॉर्डानं मानलं नाही तर ते सोसणार होते, पण घरातूनच मत पडलं नाही म्हटल्यावर माणसानं कोणाकडं बघावं?

तरी त्यांनी माघार घेतली नाही. उलट सगळं नियमानं करायचं ठरवलं. सरकारी नोकरानं महाग वस्तू घेतली तर वर कळवायचं, असा एक कायदा आहे. तो कोणी पाळत नाही, पण हेमराजभाऊंनी पाळला. 'यंत्र, लहान, एक नग' असं लिहिलं. खाली रकाना होता, खरेदीचे प्रयोजन. तिथं लिहिलं, 'आवडले म्हणून.'

साहेबांनी बोलावलं. साहेब साताऱ्याकडचे, नवीनच बदलून आलेले. "मोहुर्ले, 'आवडले म्हणून' हे प्रयोजन होत नाही. वर पाठवलं तर मला विचारतील."

"मंग का लिहू साहेब?"

"नातवासाठी लिहा."

"नातू नाई."

"बरं, प्रकृतीच्या कारणास्तव लिहा. मनःस्वास्थ्य वगैरे."

"स्वास्थ्य बरं हाय साहेब."

"अहो, वर्ष राहिलंय तुमचं निवृत्तीला. कशाला भानगड? कार्यालयीन कामात मदत व्हावी म्हणून असं लिहा."

"कामात मदत नाई करत तो. काहीच नाई करत." हेमराजभाऊंची नजर साहेबांच्या टेबलावर गेली. "साहेब, तुमचं हे पितळी हरिण कायले हाय?"

"हे होय? कागद उडू नयेत म्हणून."

"पंखा तं दोन वर्षांपासून बंद हाय साहेब."

साहेबांनी वर पंख्याकडं बघितलं. मग हरणाकडं बघितलं, त्याला जरासं सरळ केलं आणि अर्जावर लाल शाईनं शेरा मारला, 'चर्चा करावी.' कोणी कोणाशी करावी ते लिहिलं नाही. तो कागद माझ्या माहितीप्रमाणे अजून चर्चेची वाट बघत तिथंच पडलेला आहे.

घरी यावं तर रोज नवं काहीतरी. त्याच आठवड्यात दिवेलागणीला हेमराजभाऊंनी ढेमश्याला जरा हवा लागावी म्हणून कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं आणि ते अंघोळीला गेले. हवा कशाला लागते यंत्राला, हे मला विचारू नका. शेजारच्या दारातून निकुरे गुरुजींच्या बायकोनं, सीताबाईंनी, अंधुक उजेडात भिंतीवर दोन हिरवे डोळे बघितले. आता आमच्याकडं अशा वेळी भिंतीवर दोन डोळे दिसले तर माणूस एकच गोष्ट समजतो. "बिबट! बिबट!" सीताबाईंचा आवाज बाजारापर्यंत गेला. दारं आपटली, थाळ्या वाजल्या, शेळ्या आत ओढल्या गेल्या, आणि थोड्या वेळात वनविभागाची गाडी पिंजरा घेऊन आली. हेमराजभाऊ टॉवेलवर बाहेर आले तेव्हा सहा बॅटऱ्यांचा उजेड आधी ढेमश्यावर आणि मग त्यांच्यावर पडला.

वनरक्षक तरुण होता, पण कागदाचा पक्का. आलो म्हणजे नोंद करावी लागते म्हणाला. त्यानं लिहिलं, बिबट आढळला नाही. वस्तू आढळली. वस्तूचा मालक आढळला. मग त्यानंही विचारलं, "कोणासाठी घेतला काका?"

"माह्यासाठी!" टॉवेल सावरत हेमराजभाऊ इतक्या जोरात ओरडले, की पिंजऱ्याजवळचे दोघं मागं सरले.

या प्रकाराची बातमी झाली नसती तरच नवल. दुसऱ्या दिवशी करिष्मा आली. करिष्मा म्हणजे आमच्या तालुक्याची पत्रकार. एक मोबाइल, एक माइक, आणि कोणाचंही दुःख पाच मिनिटांत बाहेर काढायची हातोटी.

"काका, एकटेपणा कधीपासून जाणवून राह्यला तुम्हाला?"

"नाई जाणवत."

"झोप लागत नसेल."

"लागते. घोरतो म्हणून बायको उठवते."

"लहानपणी खेळणं नाही मिळालं, गरिबी होती, म्हणून आता..."

"नाई वो बाई. भवरा होता, गोट्या होत्या, लाकडाचा नंदी होता. मस्त गेलं लहानपण."

करिष्माला घाम फुटला. "मग काका, तुमचं दुःख काय आहे?"

"दुःख कायचं? मजा येते. हे पाहा, कडेले येते आन भेते." आणि ते हसत सुटले.

करिष्मानं माइक गुंडाळला. पण व्हिडिओ आलाच. त्यात हेमराजभाऊंचा एक शब्दही नव्हता. ते ढेमश्याकडं बघतायत एवढंच, मागं रडवी बासरी, आणि वर ठळक अक्षरांत, 'पत्नी असूनही एकाकी! वृद्धाचा आधार फक्त यंत्र.'

हा व्हिडिओ कमळाबाईंनी बचत गटाच्या बैठकीत, अकरा बायकांच्या समोर बघितला. अकराही जणींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या घरी आल्या आणि ताटं जरा जास्तच जोरात मांडली. हेमराजभाऊंना वाटलं, संपलं. आता ढेमश्या जाणार. त्यांनी खोकं शोधून ठेवलं, त्यातले थर्माकोलचे तुकडेसुद्धा गोळा केले. पण जायच्या आधी याला एकदा चारचौघांत राजरोस मिरवायचा, चोरून पाठवायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

आणि मिरवायला तान्ह्या पोळ्यासारखा दिवस कुठला? पोळ्याला खरे बैल, दुसऱ्या दिवशी लेकरांचे लाकडी. शाळेच्या मैदानावर तोरण बांधलं होतं. झूल, घुंगरू, बेगड लावलेले चाळीसेक नंदी रांगेत उभे होते. लेकरं नवीन कपड्यांत, बायका एका बाजूला, आणि नंदीच्या दोऱ्या? दोऱ्या सगळ्या बापांच्या आणि आजोबांच्या हातात. सगळ्यांत पुढं निकुरे गुरुजींचा नंदी. अस्सल सागवान, कमरेएवढा उंच, शिंगांवर पितळी शिंगदोडे, पॉलिश असं की त्यात बघून भांग पाडावा. नावाला तो नातवाचा, सहा वर्षांच्या अश्विनचा. पण गुरुजी स्वतः त्याला महिनाभर फडक्यानं पुसत होते, आणि अश्विननं हात लावला की ओरडत होते, "डाग पडते रे!"

हेमराजभाऊ ढेमश्याच्या गळ्यात सुतळी बांधून, वर चमकीचा कागद चिकटवून नोंदणीच्या टेबलाशी आले. गर्दी आपोआप बाजूला झाली. अर्ज भरायला अध्यक्ष स्वतः बसले होते.

"बालकाचं नाव?" गुरुजींनी सवयीनं विचारलं आणि वर बघितलं.

"हेमराज मोहुर्ले."

"अजी, असं काय करता? माझ्या अश्विनचं नाव टाकतो, तो दोन ओढंल. तुमची हौसबी होईन, शोभाबी राहीन."

"अश्विनचा नाई हा. माहा हाय. वय लिहा, सत्तावन्न."

"चवदा वर्षांच्या वर चालत नाई!"

"कुठी लिहिलं?"

पस्तीस वर्षं कागद वाचलेल्या माणसाला कागदावर आणू नये. हेमराजभाऊंनी समितीचं पत्रक उचललं आणि मोठ्यानं वाचलं. वयाचा नियम त्यात नव्हताच. लिहायची गरज कोणाला पडली होती? तिसरा नियम मात्र होता, 'खेळणे स्पर्धकाच्या स्वतःच्या मालकीचे असावे व त्याने ते स्वतः ओढावे.'

"या रांगेत स्वतःचं खेळणं स्वतः ओढून राह्यलेला माणूस एकच हाय," हेमराजभाऊ म्हणाले. "कोण ते सांगू?"

रांगेतल्या बापांनी आपापल्या हातातल्या दोऱ्यांकडं बघितलं. गुरुजी गडबडले, पण मुख्याध्यापक ते मुख्याध्यापक. त्यांनी अर्जावर बोट ठेवलं. "बरं बावा. पण इथी पालकाची सही लागते. पालकाच्या सहीबिगर नोंद होत नाई. आणा पालकाले." हेमराजभाऊंचे आईवडील जाऊन वीस वर्षं झाली होती. ते पेन हातात धरून तसेच उभे राहिले. मागं कोणीतरी फिसकन हसलं.

गुरुजींना मग खरोखर दया आली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी माइक घेतला. "मंडळी, हसू नका. हेमराजभाऊ आपलेच हायत. घरी मन लागत नाई, एकटे पडले बिचारे. म्हणून त्याईनं हा आधार घेतला. आपण त्याईच्यासाठी टाळ्या वाजवू."

"थांबा!"

बायकांच्या बाजूनं कमळाबाई आल्या. पदर खोचलेला. टेबलाशी येऊन त्यांनी गुरुजींच्या हातातला माइक घेतला नाही, ओढला.

"कोण एकटं पडलं जी गुरुजी?"

"नाई, तसं नाई बाई, त्या व्हिडिओत..."

"मी मेली का? तीस वर्षं झाली, दोन्ही टाईम गरम वाढून राह्यली. भांडतो आमी, हसतो आमी, एका ताटात खातो. आन तुमी माह्या नवऱ्याले माइकवर बिचारा म्हणता? त्या पोरीनं 'पत्नी असूनही' लिहिलं, अकरा जणी मले धरून रडल्या. रडायले झालं का जी? माणसाले एक वस्तू आवडली, त्यानं घेतली. दुःख नाई, बिमारी नाई, नातू नाई. आवडली!"

कमळाबाईंनी दम घेतला आणि सागवानी नंदीकडं वळल्या.

"हा कोणाचा?"

"अश्विनचा," गुरुजी म्हणाले.

"मंग दोर द्या त्याच्या हाती."

सगळं मैदान बघत होतं. गुरुजींना दोर द्यावा लागला. अश्विननं दोन्ही हातांनी ओढलं, टाचा रोवून ओढलं. नंदी तसूभर हलला नाही. पोरानं दोर सोडला, हात चड्डीला पुसले आणि म्हणाला, "आबा, तुमचाच राहू द्या." आणि तो ढेमश्या बघायला पळाला. सीताबाईंनी पदर तोंडाला लावला, पण त्यांचे खांदे हलत होते.

कमळाबाईंनी हेमराजभाऊंच्या हातातलं पेन काढून घेतलं. पालकाचे नाव, या रकान्यात लिहिलं, कमळा हेमराज मोहुर्ले. खाली सही केली. त्याखाली आणखी एक रकाना होता, बालकाशी नाते. तिथं क्षणभर थांबल्या आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'बायको'.

"लावा शिक्का," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी शिक्का लावला.

मग बाजूला जाऊन कमळाबाईंनी विक्कीला फोन लावला. "उद्या कोणाले पाठवू नको. नाई, बाबा नाई बोलले. मी बोलून राह्यली. हो, खोकं चुलीत घातलं समज."

हेमराजभाऊंनी डोळ्यात आलं ते मोतीबिंदूचं पाणी म्हणून पुसलं. "कमळा, तुले सांगतो..."

"घरी चला, मंग दाखवते तुमाले. चमकी तिरपी लावली. हटा." त्यांनी खाली बसून ढेमश्याचा कागद सरळ केला. बक्षीस काही मिळणार नव्हतं आणि मिळालंही नाही. रांग तोरणाखालून निघाली, लेकरांच्या मधोमध हेमराजभाऊ सुतळी धरून आणि त्यांच्या शेजारी पालक. मैदान ओलं होतं. पहिल्याच खड्ड्याशी ढेमश्या थबकला, खाली वाकून बघितलं आणि मागं सरकला. आजूबाजूची पोरं खो खो हसली. कमळाबाईही हसल्या, अगदी पोट धरून.

तोरणापलीकडं बाहेरगावचे कोणी पाहुणे उभे होते. त्यांनी कौतुकानं वाकून विचारलं, "छान हाय जी. कोणासाठी घेतला?"

हेमराजभाऊंनी तोंड उघडलं, पण कमळाबाई आधी बोलल्या.

"त्याईच्यासाठी," त्या म्हणाल्या. "काऊन?"